केनिया की ऱ्होडेशिया? लघुप्रबंधासाठी वसाहत निवडताना

गोऱ्यांनी कायमचं राहायला येऊन वसवलेल्या वसाहतींवर एम.ए.चा लघुप्रबंध लिहायचा म्हटलं, की बहुतेकांचं बोट ऑस्ट्रेलियावर नाहीतर दक्षिण आफ्रिकेवर जातं. त्या दोन्हींवर इतकं लिहून झालंय की नवख्याला पाय ठेवायला जागा नाही. त्यापेक्षा केनिया आणि दक्षिण ऱ्होडेशिया, म्हणजे आजचा झिम्बाब्वे, यांतून एक निवडा. दोन्ही ब्रिटिशांच्या ताब्यातल्या. दोन्हीकडे थंड हवेचं पठार, आणि त्यावरची चांगली जमीन गोऱ्यांच्या हाती. फरक कळायला एकच प्रश्न पुरतो: तिथल्या गोऱ्या शेतकऱ्याला सोयीचा कायदा हवा असेल तर तो कुणाचं दार ठोठवायचा? केनियात गव्हर्नरचं, आणि गव्हर्नर पाहायचा लंडनच्या तोंडाकडे. ऱ्होडेशियात १९२३ नंतर सरकारच त्याचं होतं.

सुरुवातीपासूनच दोघींची चाल वेगळी. ऱ्होडेशिया हा कंपनीचा धंदा होता. १८८८ मध्ये सेसिल ऱ्होड्सच्या माणसांनी न्देबेले राजा लोबेंग्युलाकडून खाणींचा हक्क लिहून घेतला. बदल्यात महिना १०० पौंड, १,००० रायफली, १ लाख काडतुसं आणि झांबेझी नदीत तोफा चढवलेली एक बोट असं कबूल केलं. कागद खाणींचा, पण त्याच्या जोरावर पुढच्या वर्षी ऱ्होड्सच्या कंपनीला राणीची सनद मिळाली आणि १८९० मध्ये तिची तुकडी सॅलिसबरीला (आजचं हरारे) झेंडा रोवून मोकळी झाली. तुकडीतल्या प्रत्येकाला ३,००० एकर जमिनीचं आश्वासन होतं. १८९३ मध्ये न्देबेले राज्यावर चाल करायला आलेल्या स्वयंसेवकांना तर ६,००० एकरांचं. म्हणजे लढाईचा पगार जमिनीतून, आणि जमीन अजून हातात यायची होती! ईस्ट इंडिया कंपनीचा इतिहास शाळेपासून वाचलेल्या आपल्या वाचकाला हे प्रकरण समजावून सांगावं लागत नाही.

केनियात आधी रेल्वे आली, शेतकरी मागाहून. १८९६ ते १९०१ या काळात मोंबासापासून व्हिक्टोरिया सरोवरापर्यंत लोहमार्ग टाकला गेला. त्यासाठी हिंदुस्थानातून सुमारे ३२,००० मजूर नेले, त्यातले जवळपास अडीच हजार तिथेच मेले. खर्च ५० लाख पौंडांच्या वर गेला आणि वाहून न्यायला माल नव्हता. तेव्हा आयुक्त चार्ल्स एलियटनं तोडगा काढला, की मार्गालगतच्या पठारावर गोरे शेतकरी बसवावेत, म्हणजे गाडी भरून जाईल. चलन रुपया, फौजदारी कायदा आपलीच भारतीय दंड संहिता, आणि त्याच पठारावर जमीन मात्र हिंदी माणसाला नाही. केनियाचा तिढा इथून सुरू होतो, आणि मला ऱ्होडेशियापेक्षा केनिया अधिक रंगतदार वाटतो तो यामुळेच.

राज्यकारभाराची तुलना करायची तर १९२३ साल धरा. वसाहतखात्याचा मंत्री दोन्हीकडे एकच, ड्यूक ऑफ डेव्हनशायर. ऱ्होडेशियातल्या मतदारांनी आदल्या वर्षीच कौल दिला होता: दक्षिण आफ्रिकेत सामील होण्याच्या बाजूनं ५,९८९, स्वतःच्या जबाबदार सरकारच्या बाजूनं ८,७७४. मतदानाच्या नियमात वर्णाचा उल्लेख नव्हता. मिळकतीच्या आणि मालमत्तेच्या अटी मात्र अशा, की आफ्रिकी माणूस यादीत अपवादानंच सापडावा. ऑक्टोबर १९२३ मध्ये या मूठभर मतदारांच्या हाती राज्य गेलं. आफ्रिकी प्रजेला जाचक कायदे अडवण्याचा अधिकार लंडननं राखून ठेवला होता. तो कागदावरच राहिला.

त्याच वर्षी जुलैत केनियाबद्दल डेव्हनशायरची श्वेतपत्रिका निघाली होती. भांडण होतं गोरे आणि हिंदी यांच्यात: मताधिकार कुणाला, पठारावरची जमीन कुणाला. गोरे इतके पेटले होते की काहींनी गव्हर्नरला पळवून न्यायचा बेतही आखला होता. लंडननं निकाल दिला, की केनिया हा आफ्रिकी लोकांचा प्रदेश आहे आणि सर्वोच्च हित त्यांचं. वाक्य सुंदर, पण त्यामागचा हिशेब पाहा. कायदेमंडळात निवडून येणारे गोरे ११, हिंदी ५, अरब १, आणि ज्यांचं हित सर्वोच्च त्यांच्या वतीनं बोलायला सरकारनं नेमलेला एक मिशनरी. पठार गोऱ्यांकडेच राहिलं. तरीही त्या वाक्यानं एक काम केलं: गोऱ्यांना ऱ्होडेशियासारखं स्वतःचं सरकार कधी मिळालं नाही.

जमिनीच्या विषयात अभ्यासाला सोपी ऱ्होडेशिया. १९३० चा जमीन वाटणी कायदा हातात घेतला की चित्र समोर येतं: देशातली जवळपास निम्मी जमीन गोऱ्यांसाठी राखीव. केनियात धागे विखुरलेले आहेत. १९०२ मध्ये ९९ वर्षांचे भाडेपट्टे, १९१५ मध्ये ते थेट ९९९ वर्षांचे, पठाराच्या हद्दीवर शिक्कामोर्तब १९३९ मध्ये. मधे मसाई लोकांशी केलेले करार. मसाई जमात असेतोवर टिकेल असा १९०४ चा करार सात वर्षांत बाजूला सारला, आणि लायकिपियाच्या कुरणातून त्यांना पुन्हा उठवलं. त्यांनी कोर्टात दाद मागितली तेव्हा उत्तर मिळालं, की हा दोन सत्तांमधला तह आहे, त्यात कोर्ट पडू शकत नाही.

शेवटही त्या एका दाराच्या प्रश्नावरच ठरला. केनियात १९५२ मध्ये माऊ माऊ या, मुख्यतः किकुयू लोकांच्या, ब्रिटिशांविरुद्धच्या सशस्त्र उठावामुळे आणीबाणी आली, लष्कर लंडननं पाठवलं, आणि म्हणूनच निघायचं कधी तेही लंडनलाच ठरवता आलं. डिसेंबर १९६३ मध्ये केनिया स्वतंत्र झाला. ऱ्होडेशियात पंतप्रधान इयन स्मिथच्या गोऱ्या सरकारनं १९६५ मध्ये स्वतःच ‘स्वातंत्र्य’ पुकारलं. बहुमताचं राज्य यायला निर्बंध, गनिमी युद्ध आणि १९८० साल उजाडावं लागलं.

मग घ्यायचं काय? राज्यघटना, मताधिकार, कायदेमंडळ यात रस असेल आणि हाताशी सहा महिनेच असतील, तर ऱ्होडेशिया. मर्यादित, रेखीव विषय. दडपशाही, तुरुंग, कागदपत्रांचं राजकारण यात रस असेल तर केनिया. ब्रिटननं दडवून ठेवलेल्या वसाहतकाळातल्या फायली २०११ मध्ये उजेडात आल्या आणि २०१३ मध्ये आणीबाणीतल्या छळाबद्दल ५,२२८ केनियन लोकांना भरपाई कबूल करावी लागली.

मराठीत लिहिणाऱ्याला केनियाकडे वळायला आणखी एक कारण आहे. १९४८ मध्ये स्वतंत्र भारताचे पहिले आयुक्त म्हणून नैरोबीत गेले ते औंध संस्थानचे अप्पासाहेब पंत. आफ्रिकी नेत्यांशी त्यांची इतकी जवळीक झाली की ब्रिटिश अधिकाऱ्यांना ते खुपू लागले. नैरोबीतच जन्मलेले गोमंतकीय पत्रकार आणि स्वातंत्र्यलढ्यातले कार्यकर्ते पियो गामा पिंटो १९५४ पासून स्थानबद्धतेत होते आणि स्वातंत्र्यानंतर १९६५ मध्ये त्यांचा खून झाला. या दोघांपैकी एकाच्या वाटेनं आत शिरलात तरी विषय पुरून उरेल.

आणि दोन्ही वसाहती सोडवत नसतील, तर १९२३ एवढं एकच वर्ष घ्या. त्या जुलैपासून ऑक्टोबरपर्यंत.