एलएम२५९६ स्टेप-डाउन मॉड्यूल: वर्षभर राबवल्यानंतर

निळी छोटी पाटी, कोपऱ्यात पितळी स्क्रूचा पॉट, म्हणजे फिरवून कमी-जास्त करता येणारा रेझिस्टर. हौशी इलेक्ट्रॉनिक्स करणाऱ्या कुणाचाही डबा उघडा, त्यात हे मॉड्यूल सापडणारच. शंभर रुपयांच्या आत मिळतं. १२ व्होल्ट द्यायचे आणि स्क्रू फिरवून ५ घ्यायचे, नाहीतर ३.३. माझ्याकडे वर्षभरात ती तीन ठिकाणी वापरून झाली. एक लातूरच्या घरी पाण्याच्या टाकीवर (आमच्याकडे नळ रोज येत नाही, टाकीत किती उरलंय हे माहीत असलेलं बरं), दुसरं लाईट गेल्यावर राउटर चालवणाऱ्या बॅटरीवर आणि तिसरं औशाकडच्या शेतात, मोटरच्या स्टार्टरशेजारी. एवढ्या वापरातून मत झालंय ते असं: चिप उत्तम, पॉट बेभरवशाचा, आणि ‘३ अँपिअर’ हा आकडा जाहिरातीपुरता.

आधी ७८०५ हा जुना तीन पायांचा रेग्युलेटर वापरायचो. १२ चे ५ करताना मधले ७ व्होल्ट तो नुसते उष्णतेत घालवतो. अर्धा अँपिअर घेतला की साडेतीन वॅट वाया, वर हीटसिंकचं (उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या तुकड्याचं) ओझं. एलएम२५९६ सेकंदाला दीड लाख वेळा चालू-बंद होऊन कॉइल आणि कपॅसिटरमधून हवं तेवढं व्होल्टेज काढतो. त्याच कामात त्याचा अर्धा-पाऊण वॅटच जातो. बॅटरीवर काही चालवायचं असेल तर हा फरक फार मोठा आहे.

आता पॉटबद्दल. नवीन मॉड्यूल जोडलं, स्क्रू फिरवतोय फिरवतोय आणि मीटरवरचा आकडा हलतच नाही, म्हणून पुष्कळ जण ते खराब समजून परत पाठवतात. खराब नसतं. पॉट १० किलोओहमचा, पंचवीस फेऱ्यांचा. एका फेरीला साधारण दीड व्होल्टचा फरक पडतो. कारखान्यातून तो ३० व्होल्टच्या आसपास लागून आला असेल आणि तुम्ही १२ दिले असतील, तर पहिल्या बारा फेऱ्यांत काहीच दिसणार नाही. डावीकडे फिरवत राहा, एकदम उतरायला लागतं.

खरी अडचण पुढची आहे. हा पॉट आउटपुट आणि चिपची फीडबॅक पिन (आउटपुट किती आहे हे चिप जिथून बघते तो पाय) यांच्या मधे बसतो. धुळीने, उन्हाने किंवा हादऱ्याने त्याचा आतला संपर्क सुटला, की चिपला वाटतं आउटपुट शून्य आहे. मग ती सगळा दरवाजा उघडते आणि इनपुट जवळजवळ जसंच्या तसं पलीकडे जातं. शेतात नेमकं हेच झालं. चुलतभावाचं म्हणणं होतं, “दादा, लाईट आली का नाही ते बघायला रात्री दोनला रानात जायचं का रोज?” म्हणून सिम८००एल (मोबाइलचं सिम घालून मेसेज पाठवणारं मॉड्यूल) लावून दिलं होतं, थ्री-फेज आली की त्याला मेसेज. स्टार्टरचा कॉन्टॅक्टर, म्हणजे मोटर चालू-बंद करणारा मोठा स्विच, दिवसातून कितीदा तरी धाडकन बसतो, त्याच पत्र्यावर आमचा डबा. एक दिवस ४ व्होल्टच्या जागी बॅटरीचे जवळजवळ सगळे १२ व्होल्ट गेले आणि सिम८००एल कायमचं गप्प झालं. त्याची मर्यादा ४.४ व्होल्ट आहे.

तेव्हापासून पॉट फक्त टेबलावर, प्रयोग करताना. कायमच्या जागी बसवायचं असेल तर तो काढून तिथे साधा एक टक्कावाला रेझिस्टर सोल्डर करतो. हिशोब सोपा आहे: पाटीवर ‘३३१’ लिहिलेला बारका रेझिस्टर म्हणजे ३३० ओहम. आपण लावलेल्या रेझिस्टरला ३३० ने भागायचं, त्यात १ मिळवायचा, १.२३ ने गुणायचं. १ किलोओहम लावला की ४.९६ व्होल्ट येतात, ७५० ओहमला ४.०३, ५६० ला ३.३२. पाटीवर ३३१ च आहे ना, हे आधी बघा. सगळे बनवणारे तोच लावत नाहीत. पॉटवर नेलपॉलिशचा थेंब टाकणं हाही उपाय लोक करतात, पण त्याने स्क्रू हलत नाही एवढंच. आतला संपर्क सुटायचा तो सुटतोच.

३ अँपिअरचं म्हणाल तर हीटसिंकशिवाय मी दीडच्या वर जात नाही. ५ व्होल्टला २ अँपिअर घेतले तर अडीचेक वॅट उष्णता त्या दोन बोटांएवढ्या पाटीतून बाहेर पडायची असते. मे महिन्यात आमच्याकडे पारा बेचाळीसवर, त्यात पत्र्याचं शेड, त्यात बंद प्लास्टिकचा डबा. सिम८००एल क्षणभरासाठी २ अँपिअर ओढतं, तेवढं चालतं. त्याच्या अगदी जवळ १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर मात्र हवा.

नकली चिप हा वेगळाच ताप. एका ऑनलाइन विक्रेत्याकडून आलेल्या मॉड्यूलवर नाव एलएम२५९६ च होतं, पण ऑसिलोस्कोपवर १५० किलोहर्ट्झच्या (म्हणजे सेकंदाला दीड लाख वेळांच्या) जागी जेमतेम ५० दिसले. हलक्या लोडला चालतं, भार वाढला की कॉइल तापते.

बॅटरीवर झोपून राहणाऱ्या सर्किटला हे मॉड्यूल नकोच. ते स्वतःच ५ मिलिअँपिअरच्या आसपास खातं, म्हणजे दिवसाला १२० मिलिअँपिअर-तास. ७ अँपिअर-तासाची बॅटरी काही न करता दोन महिन्यांत रिकामी. टाकीवरच्या ईएसपी८२६६ या वायफाय चिपला म्हणून आता एमपी१५८४ या दुसऱ्या स्टेप-डाउन चिपचं पिटुकलं मॉड्यूल लावलंय. त्याला इनपुट २८ व्होल्टपर्यंतच चालतं, तिथे १२ व्होल्टची बॅटरी असल्याने प्रश्न येत नाही.

सोलरवाल्यांसाठी: ‘१२ व्होल्ट’च्या पॅनेलला लोड नसताना २१-२२ व्होल्ट येतात, ते ठीक. ७२ सेलच्या मोठ्या पॅनेलला ४४-४५ येतात आणि या चिपची मर्यादा ४० आहे. थंडीच्या सकाळी तो आकडा आणखी वर जातो. उलट्या जोडणीपासून संरक्षणही नाही, तेव्हा इनपुटला फ्यूज आणि डायोड स्वतःच घाला. शिवाय शेजारी मीडियम वेव्हवर रेडिओ लावला तर खरखर येते, वायर आखूड ठेवल्या की कमी होते.

राउटरबाबत एकच. तुमचा राउटर ९ व्होल्टचा असेल तर १२ च्या बॅटरीवर हे मॉड्यूल झकास चालतं, माझं चालतंय. १२ व्होल्टचा असेल तर घेऊ नका. आउटपुटपेक्षा इनपुट दीड-दोन व्होल्ट जास्त लागतंच, आणि बॅटरी साडेअकरावर उतरली की राउटरला जेमतेम दहा मिळतात. तिथे बक-बूस्ट लागतो, म्हणजे इनपुट आउटपुटपेक्षा कमी असो वा जास्त, आउटपुट तेवढंच ठेवणारा.