अंकी, नऊ महिन्यांनंतर: इमर्जन्सी मेडिसिनच्या डीएनबीची उजळणी

मी कोल्हापुरात इमर्जन्सी मेडिसिनची डीएनबी करते, म्हणजे एमबीबीएसनंतरचा स्पेशालिस्टचा अभ्यासक्रम. थिअरी झाली, पास झाले, प्रॅक्टिकल अजून व्हायचं आहे. थिअरीच्या नऊ महिने आधी मी अंकी वापरायला लागले. आमच्या विषयाला आपल्याकडे स्वतंत्र शाखा म्हणून मान्यता मिळाली ती २००९ साली. त्यामुळे सर्जरीवाल्यांसारखा वर्षानुवर्षांच्या सीनियरांच्या नोट्सचा गठ्ठा आम्हाला मिळत नाही. ज्यांना पुढच्या वेळी बसायचंय त्यांच्यासाठी सविस्तर लिहिते.

अंकी म्हणजे कार्डांचं ॲप. पुढे प्रश्न, मागे उत्तर. उत्तर बघून आपणच सांगायचं की आठवलं का, कितपत आठवलं. त्यावरून ते कार्ड पुन्हा कधी दाखवायचं हे ॲप ठरवतं, चार दिवसांनी की दोन महिन्यांनी. कॉम्प्युटर आणि अँड्रॉइडवर फुकट आहे, आयफोनवर एकदाच पैसे भरावे लागतात. सेटिंगमध्ये एफएसआरएस नावाची पद्धत आहे, ती चालू करा. किती टक्के लक्षात राहायला हवं हे त्यात आपण ठरवतो. मी आधी हौसेनं ९७ ठेवलं आणि रोजच्या कार्डांचा डोंगर झाला. ९० वर आणल्यावर जीव भांड्यात पडला आणि लक्षात राहण्यात मला जाणवेल असा फरक पडला नाही.

सुरुवात मी एका तयार डेकपासून, म्हणजे कार्डांच्या संचापासून केली. हजारो कार्डं, सुबक चित्रं, पण सगळी अमेरिकेतल्या परीक्षेसाठी केलेली. तीन महिने इमानानं केली. एअरवे, शॉक, ईसीजी, ट्रॉमा यांचा पाया त्यानं पक्का झाला, हे मान्यच करते. पण त्यात रॅटलस्नेक होता, घोणस नव्हती. गोचिडीच्या चावण्यावर कार्डंच्या कार्डं होती, विंचवासाठी प्राझोसिनचं एकही नव्हतं. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिनवरचं आपलं काम १९८६ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात मांडलं. ज्या औषधानं कोकणातले विंचूदंशाचे पेशंट वाचायला लागले, ते कोल्हापुरात बसून शिकताना माझ्या उजळणीत नसावं, याचं मला फार वाईट वाटलं. काही कार्डं जुनीही होती. भाजलेल्या प्रौढाला सलाइन किती, तर डेकमध्ये सरसकट चार मिली (दर किलो वजनाला, भाजलेल्या त्वचेच्या दर टक्क्याला). एटीएलएस या ट्रॉमाच्या अभ्यासक्रमाच्या २०१८ च्या दहाव्या आवृत्तीत आगीनं भाजलेल्यांसाठी दोन मिलीपासून सुरुवात सांगितली आहे, चार मिली विजेनं भाजलेल्यांसाठी. तेव्हापासून डोस किंवा आकडा असलेल्या प्रत्येक कार्डाच्या मागे मी आवृत्ती आणि साल लिहिते.

माझी उजळणी खरी बदलली ती जुलैत. पावसाची झड लागली होती. पन्हाळ्याकडची एक बाई रात्री आठच्या सुमाराला आली, वैरण काढताना पायाला चावलं होतं. पाय गुडघ्यापर्यंत सुजलेला, हिरड्यांतून रक्त. सापाच्या विषानं रक्त गोठायचं थांबलंय का, हे बघायच्या वीस मिनिटांच्या टेस्टसाठी मी नळी मागितली, वॉर्डातल्या मामांनी ट्रेमधली आणून दिली. तेवढ्यात आमच्या सिस्टर म्हणाल्या, "मॅडम, ती साबणाच्या पाण्यात धुतलेली हाय. नवी काढा." नवी, कोरडी, काचेची नळी काढली. दोन मिली रक्त घेतलं आणि नळी टेबलावर उभी ठेवली. वीस मिनिटं कुणी हात लावायचा नाही, हलवायची नाही. नंतर तिरकी केली तर रक्त पाण्यासारखं काठापर्यंत वाहत आलं. एएसव्हीच्या, म्हणजे सापाच्या विषावरच्या औषधाच्या, दहा व्हायल सुरू केल्या. सहा तासांनी पुन्हा टेस्ट केली, पुन्हा डोस द्यावा लागला, त्यानंतर नळीत गोळा धरला. सहाव्या दिवशी त्या घरी गेल्या.

त्याच पहाटे ड्युटी रूममध्ये बसून मी कार्ड केलं: "धुतलेली नळी का चालत नाही?" मागे उत्तर: साबणाचा अंश राहिला किंवा नळी प्लॅस्टिकची असली, तर चांगलं रक्तही गोठत नाही आणि विष नसताना विष आहे असा निकाल येतो. हे मी पुस्तकात दोनदा वाचलेलं होतं, तरी आठवलं नव्हतं. त्या पहाटेनंतर ते कार्ड एकदाही चुकलं नाही.

मग मी पद्धतच बदलली. कार्डाच्या पुढच्या बाजूला पेशंटचं बोलणं, जसं कानावर पडलं तसं. मागच्या बाजूला परीक्षेत जसं लिहायचं तसं. उदाहरणार्थ: "रात्री भुईवर झोपलो हुतो. सकाळधरनं पोटात दुखतंय, पापण्या वर हुईनात." मागे: मण्यार, चावल्याची खूण नसली तरी शंका घ्या, श्वासाकडे लक्ष, एएसव्ही. दुसरं: "जेवल्यावर छाती भरून आली, गॅस झाला असंल." मागे: इन्फिरिअर एमआय (हृदयाच्या खालच्या भागाचा झटका) दिसला तर व्ही४आर (छातीच्या उजव्या बाजूचा ईसीजी) काढा, उजव्या बाजूचा असेल तर नायट्रेट देऊ नका. आपल्याकडे पेशंट येतो मराठीतून आणि पेपर येतो इंग्रजीतून. मधला पूल आपल्यालाच बांधावा लागतो, आणि माझा तो या कार्डांनी बांधला.

कार्ड लिहायची एक चूक मात्र मी खूप दिवस केली. "ऑर्गनोफॉस्फरस विषबाधेचे व्यवस्थापन" (म्हणजे कीटकनाशकाची विषबाधा) असं एकच कार्ड, मागे पंधरा मुद्दे. ते सारखं चुकायचं. आठ वेळा चुकलं की अंकी त्या कार्डाला लीच, म्हणजे जळू, असं नाव देऊन बाजूला काढतं. तसं झाल्यावर मी ते फोडलं. ॲट्रोपिनचा सुरुवातीचा डोस किती, दुप्पट किती मिनिटांनी करायचा, कुठे थांबायचं, अशी पाच कार्डं झाली. थांबायचं कधी, हे सरांनी तोंडी विचारलं तेव्हा मी डोळ्यांच्या बाहुल्यांवरून सांगितलं होतं आणि ते चूक होतं. छाती स्वच्छ ऐकू यायला हवी, नाडी ८० च्या वर, सिस्टॉलिक (वरचं बीपी) ८० च्या वर, घाम आणि स्राव आटलेला. बाहुल्यांची वाट बघत बसलं तर ॲट्रोपिन जास्त होतं. ऊसपट्ट्यात काम करणाऱ्या डॉक्टरला हे झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता आलं पाहिजे.

ड्युट्यांचं गणित सांगते. लागोपाठ तीन नाइट्स झाल्या की सहाशेच्या वर कार्डं साचायची आणि ॲप उघडायचीच भीती वाटायची. अशा वेळी नवी कार्डं शून्यावर आणायची, रोजची मर्यादा दीडशे ठेवायची आणि आठ-दहा दिवसांत फेडायची. एरवी मला रोज चाळीस मिनिटं पुरली, बरीचशी चहाच्या वेळेत आणि बसमध्ये. ईसीजी आणि एक्स-रेचे फोटो कार्डात घालताना नाव, तारीख, नोंदणी क्रमांक आधी कापा. यात हयगय करू नका.

आता अंकीनं काय होत नाही, तेही तितक्याच स्पष्टपणे सांगायला हवं. आपली थिअरी म्हणजे चार पेपर, प्रत्येकी तीन तास, दहा मार्कांचे दहा प्रश्न. एका प्रश्नाला अठरा मिनिटं. सुटे मुद्दे मला सगळे यायचे, पण पहिल्यांदा फुलस्केपवर लिहायला बसले तेव्हा सात प्रश्नांतच वेळ संपला. मुद्दा आठवणं वेगळं आणि तो क्रमानं, आकृतीसकट, वेळेत मांडणं वेगळं. शेवटचे चार महिने दर रविवारी घड्याळ लावून एक पूर्ण पेपर लिहिला. हे आधीच सुरू करायला हवं होतं. सहा महिने उरले असतील तर पहिल्या रविवारपासून लिहा, बोटं दुखेपर्यंत लिहा.

माझा डेक बरेच जण मागतात. आकड्यांची आणि डोसची कार्डं मी आनंदानं देते, पेशंटच्या बोलण्याची देत नाही. ती माझ्या कानांनी ऐकलेली आहेत, तुम्हाला तुमच्या कॅज्युअल्टीत तुमची ऐकू येतील.

प्रॅक्टिकलला पाच आठवडे आहेत. नवी कार्डं बंद केली आहेत. सकाळी रंकाळ्यावर फेरी मारताना मैत्रीण माझ्या मोबाइलवरून पुढची बाजू वाचते आणि मी मागची मोठ्यानं म्हणते. मनातल्या मनात येणारं उत्तर तोंडानं म्हणताना कुठे अडखळतं, ते आता रोज कळतंय. काल बर्न्सला अडखळले: सलाइनचे पहिले आठ तास भाजल्याच्या वेळेपासून मोजायचे, दवाखान्यात पोचल्यापासून नाही.