उनो, ईएसपी३२ की पिको: बोर्ड उठला नाही तर कोण काय सांगतं

ऐरोलीचा माझा आतेभाऊ पेन प्लॉटर, म्हणजे पेनने चित्र काढणारं मशीन, बनवतोय. मोटारी आल्या, पट्टे आले, जुना सीएनसी शील्ड (मोटारींचे ड्रायव्हर बसवायची, कंट्रोलर बोर्डवर चढणारी पाटी) माझ्याकडून नेला, आणि मग फोन: "दादा, बोर्ड कुठला घेऊ?" उनो, ईएसपी३२, पिको हे मशीनला हुकूम देणारे छोटे कंट्रोलर बोर्ड, त्यांचे गुण त्याने मोजून ठेवले होते. कुणाला वायफाय आहे, कुणाचा वेग किती, मेमरी किती. मी म्हटलं, हे सगळं चालू असताना कामाचं. एका रात्री बोर्ड उठलाच नाही, तर तू काय करणार? मी त्यावरूनच निवडतो, कारण गेल्या वर्षी गणपतीला आठ दिवस असताना माझं मशीन झोपलं होतं आणि अर्धं मखर कापायचं बाकी होतं.

तेव्हा माझ्याकडे उनो होता, वर शील्ड, आत जीआरबीएल, म्हणजे मोटारी चालवणारा प्रोग्रॅम. चालू केल्यावर 'जीआरबीएल १.१' अशी ओळ येते, ती येईना. नवीन प्रोग्रॅम टाकायला गेलो तर 'नॉट इन सिंक' दहा वेळा आणि खेळ खलास. उनोबद्दलची मुख्य तक्रार हीच: तो मुका आहे. यूएसबीची चिप नीट बोलेना, बूटलोडर (यूएसबीवरून नवीन प्रोग्रॅम आत घेणारा चिपमधला छोटा प्रोग्रॅम) उडाला, रीसेटची पिन कुठे चिकटली किंवा मुख्य चिपच जळली, तरी तो एकच वाक्य बोलतो.

पण या मुक्याला बोलतं करायच्या दोन सोप्या युक्त्या आहेत. शील्ड काढा, नुसता बोर्ड यूएसबीला लावा, रीसेट दाबा आणि 'एल' लिहिलेल्या दिव्याकडे बघा. तो पटापट लुकलुकला तर बूटलोडर जिवंत आहे. दुसरी युक्ती: रीसेट पिन ग्राउंडला जोडून ठेवा, टीएक्स आणि आरएक्स एका वायरने जोडा आणि सीरियल मॉनिटरमध्ये (कॉम्प्युटरवरून बोर्डशी बोलायची खिडकी) काहीही टाइप करा. अक्षरं परत आली तर केबल, ड्रायव्हर आणि यूएसबीची चिप ठीक आहे, दोष पुढे आहे.

माझी अक्षरं परत आली, दिवा मात्र ढिम्म. म्हणजे बूटलोडर. दुसरा उनो प्रोग्रॅमर म्हणून, म्हणजे चिपमध्ये थेट लिहायला, लावला, त्याच्या रीसेटला १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावला, सहा वायरी जोडल्या, तरी सिग्नेचर, म्हणजे चिपचा ओळख क्रमांक, सगळी शून्य. ठाणे ते दादर, दादर ते ग्रँट रोड असा प्रवास करून लॅमिंग्टन रोडवरून नवीन चिप आणायची मनाची तयारी झाली होती. मग लक्षात आलं की रात्री प्रोग्रॅमिंग करताना शील्ड मी परत चढवला होता. बूटलोडर टाकायच्या वायरी ११, १२ आणि १३ नंबरच्या पिनांवरूनच जातात, आणि १२ वर माझ्या झेड लिमिट स्विचला खोटे सिग्नल येऊ नयेत म्हणून मीच कपॅसिटर डकवलेला. शील्ड उचलला आणि सिग्नेचर लगेच आली: १ई ९५ ०एफ, म्हणजे अस्सल ३२८पी, उनोची मुख्य चिप. बूटलोडर टाकला, जीआरबीएल टाकलं, मखर झालं.

बूटलोडर उडाला कसा, हे शोधायला मात्र गणपती उठावे लागले. उनोच्या फ्यूज सेटिंगमध्ये (चिपने कसं वागायचं ते ठरवणारी तिच्या आतली सेटिंग) व्होल्टेज २.७ च्या खाली गेलं तरच चिप स्वतःला थांबवते. पण १६ मेगाहर्ट्झला तिला निदान ३.८ व्होल्ट लागतात. मधल्या पट्ट्यात ती थांबतही नाही आणि शुद्धीवरही नसते, त्यामुळे मेमरीत काहीही खरडू शकते. माझ्या स्वस्त पुरवठ्यावर स्पिंडल सुरू होताना व्होल्टेज दणकन खाली यायचं, माझा संशय त्यावरच आहे. आता एक्स्टेंडेड फ्यूज एफडीऐवजी एफसी केला आहे, म्हणजे ४.३ व्होल्टलाच रीसेट. बोर्ड बदलून कारण तसंच ठेवलं असतं तर दुसराही त्याच वाटेने गेला असता.

उनो घ्यायचाच असेल तर लांबट चिप सॉकेटमध्ये बसवलेला घ्या. चिप खरंच मेली तर स्क्रूड्रायव्हरने उचलून दुसरी बसवता येते. फक्त दुकानदाराला 'बूटलोडर टाकलेली आहे का' हे विचारा. कोरी चिप कारखान्यातून १ मेगाहर्ट्झवर चालणारी येते, ती बसवून बोर्ड उठत नाही म्हणून लोक पुन्हा तेच रडगाणं गातात. आणि चिपवर 'पी' आहे का तेही बघा, साध्या ३२८ ची सिग्नेचर वेगळी असल्यामुळे प्रोग्रॅमर ती नाकारतो.

ईएसपी३२ याच्या अगदी उलट, बडबड्या. न उठतानाही सीरियल मॉनिटरवर ११५२०० बॉडच्या वेगाने काहीतरी सांगतोच. व्होल्टेज पडलं तर 'ब्राउनआउट डिटेक्टर वॉज ट्रिगर्ड'. जीपीआयओ ० ही पिन खाली, म्हणजे शून्य व्होल्टला, ओढलेली राहिली तर 'वेटिंग फॉर डाउनलोड'. त्यावर फ्लुइडएनसी (जीआरबीएलचा ईएसपी३२ वरचा भाऊबंद) टाकलं की वायफायवरून चालतं, ते भावाला हवंही होतं. अडचण अशी की उठतानाच तो काही पिनांकडे बघून ठरवतो की आज कसं उठायचं, आणि त्या पिना आपणच कुठेतरी जोडलेल्या असतात. १२ नंबरची पिन उठताना वर असेल तर तो आपल्या फ्लॅश मेमरीला ३.३ ऐवजी १.८ व्होल्ट देतो. मग पडद्यावर 'फ्लॅश रीड एरर, १०००' आणि पुन्हा रीसेट, पुन्हा तेच, रात्रभर.

आता गंमत बघा. बाजारात उनोच्या आकाराचा ईएसपी३२ बोर्ड मिळतो, जुन्या शील्डवर अगदी फिट बसतो. भाऊ तोच घेणार होता. त्यात उनोच्या ८ नंबरच्या जागी येते ती नेमकी जीपीआयओ १२, आणि शील्डवर ८ नंबर म्हणजे मोटारी चालू-बंद करणारी एनेबल लाइन. तिला १० किलोओहमचा पुल-अप, म्हणजे लाइन वर ओढून धरणारा रेझिस्टर, लावलेला असतो. म्हणजे बोर्ड एकटा असताना उठतो, शील्डवर बसवला की नाही. ज्याला हे माहीत नाही तो आठवडाभर शील्ड, ड्रायव्हर आणि पॉवर सप्लाय बदलत बसेल. इलाज दोन: तो रेझिस्टर काढून टाकायचा, किंवा चिपच्या ई-फ्यूजमध्ये ३.३ व्होल्ट कायमचे कोरून १२ नंबरचं मत बाद करायचं. दुसरा इलाज परत फिरवता येत नाही, म्हणून मी रेझिस्टरच काढीन.

एसटीएम३२ हा आणखी एक पर्याय, पण त्यावर फार थांबत नाही. बूट-शून्यचा जंपर चुकून १ वर राहिला की हा बोर्ड मेल्यासारखा दिसतो. जंपर जागेवर आणा, बहुतेकदा तेवढंच असतं. एसटी-लिंक हा त्याचा प्रोग्रॅमर असेल तर आत शिरायची वाट पक्की आहे. पण स्वस्त निळ्या बोर्डांवर नकली चिपा इतक्या येतात की प्रोग्रॅमर ओळख पटत नाही म्हणून अडून बसतो. पहिल्या मशीनला मी हा कुणाला सांगणार नाही.

राहिला रास्पबेरी पिको. २०२१ चा, आरपी२०४० चिपचा. याची खुबी एकच, पण मोठी: पहिला बूट प्रोग्रॅम चिपच्या आत कायमचा कोरलेला आहे, त्याला तुम्ही हातच लावू शकत नाही. आपला प्रोग्रॅम कितीही बिघडला तरी बूटसेल बटण दाबून यूएसबी लावा, कॉम्प्युटरवर पेनड्राइव्हसारखी एक ड्राइव्ह उघडते, त्यात ग्रबलएचएएलची (जीआरबीएलचीच पिकोवर चालणारी आवृत्ती) फाइल टाका, झालं. वेगळा प्रोग्रॅमर नाही, फ्यूज नाहीत, सिग्नेचर नाही. ड्राइव्हसुद्धा उघडली नाही तर केबल, पुरवठा किंवा बोर्ड यांपैकी काहीतरी गेलंय, आणि एवढं पाच मिनिटांत कळणं हीसुद्धा मोठी गोष्ट आहे. वायफाय साध्या पिकोत नाही, आणि तो जुन्या शील्डवर बसत नाही, वायरी ओढाव्या लागतात. रीसेट बटणही नाही, दर वेळी केबल उपसायची, याचा मला वैताग येतो.

पिको आणि ईएसपी३२ दोन्ही ३.३ व्होल्टचे आहेत, आणि इथे शील्डवरचे मोटारी फिरवणारे ए४९८८ ड्रायव्हर आडवे येतात. त्यांच्या लॉजिकला ५ व्होल्ट दिले तर 'वर' मानायला त्यांना साडेतीन व्होल्ट लागतात, आणि आपला बोर्ड देतो ३.३. कधी चालतं, कधी मोटार पाऊल चुकवते. हा बूटचा दोष नाही, पण लोक त्याला बूटचा दोष समजून बोर्ड पुन्हा पुन्हा फ्लॅश करतात. ड्रायव्हरच्या लॉजिकलाच ३.३ द्यायचे, तो ३ पासून चालतो.

तर भावाला काय सांगितलं? मोबाइलवरून चित्र पाठवायचंच असेल तर ईएसपी३२ घे, पण उनोच्या आकाराचा घेतलास तर आधी तो रेझिस्टर काढ. वायफायशिवाय चालत असेल तर पिको घे, पहिल्यांदाच करणाऱ्याने चुका करायच्या असतात आणि हा बोर्ड त्या पोटात घालतो. माझं मखराचं मशीन मात्र उनोवरच राहील, कारण त्याचा सुटा भाग मला डोळे मिटून बदलता येतो आणि सीझनमध्ये मला नवं काही शिकायचं नसतं.

तो पिकोवर आलाय. शनिवारी ठाण्याला येताना शील्ड घेऊन ये म्हटलंय. त्यावरची ५ व्होल्टची लाइन कुठून उचलायची आणि ३.३ कुठे द्यायचे, ते मल्टिमीटर लावून इथेच बघू.