लॉम्बॉक आठ महिने वापरल्यावर: ओळी वाचल्या, क्रमाने घात केला

आठ महिने झाले, प्रोजेक्टमध्ये लॉम्बॉक आहे, म्हणजे जावातला नेहमीचा ठरावीक कोड आपोआप बनवून देणारी लायब्ररी. गेल्या आठवड्यापर्यंत कुणी विचारलं असतं तर डोळे झाकून 'घ्या' म्हटलं असतं. क्लासमध्ये फील्ड वाढलं की कन्स्ट्रक्टर (त्या क्लासची वस्तू तयार करणारा कोड) दुरुस्त करत बसायचं, ते संपलं. याचं खरंच सुख होतं.

मग एका सहकाऱ्याने क्लास नीट दिसावा म्हणून फील्ड्स वर्णानुक्रमे लावली. आधी पिकअपचा पत्ता वर होता, आता ड्रॉपचा वर आला. दोन्ही स्ट्रिंग. लॉम्बॉकची @ऑलआर्ग्जकन्स्ट्रक्टर ही खूण सगळ्या फील्ड्सचा कन्स्ट्रक्टर बनवते आणि फील्ड्सच्या क्रमानेच पॅरामीटर लावते, त्यामुळे कन्स्ट्रक्टरचा क्रमही बदलला. तो बोलावणारा कोड मात्र पिकअप आधी, ड्रॉप नंतर असाच देत राहिला. कंपायलरने हूं की चूं केलं नाही. टेस्ट हिरव्या, कारण टेस्टमध्ये दोन्ही जागी 'पुणे'च होतं. गाड्या माल उतरवायच्या जागी माल उचलायला गेल्या आणि दुपारभर ड्रायव्हरांचे फोन. डिफमध्ये, म्हणजे बदललेल्या ओळींच्या यादीत, काय दिसत होतं? दोन ओळींची अदलाबदल, बस्स. कन्स्ट्रक्टर कोडमध्ये दिसतच नाही, तर रिव्ह्यू करणारा पकडणार कुठून? हाताने लिहिलेला असता तर फील्ड्स कशीही हलवली तरी काही बिघडलं नसतं.

संतापून लॉम्बॉक काढायलाच बसलो. खुणांच्या जागी खरा कोड लिहून देणारं डीलॉम्बॉक चालवलं, आणि सर्व्हिस क्लासेसपाशी हात थांबला. तिथे @रिक्वायर्डआर्ग्जकन्स्ट्रक्टर आहे. तो फक्त किंमत न दिलेली फायनल आणि @नॉननल फील्ड्स घेतो. प्रत्येकाचा टाइप वेगळा, आणि बोलावणारं स्प्रिंग (क्लासेसना लागणाऱ्या वस्तू जोडून देणारं फ्रेमवर्क) टाइप बघूनच वस्तू देतं. म्हणजे क्रमाचा धोकाच नाही. स्प्रिंग 4.3 पासून एकच कन्स्ट्रक्टर असेल तर 'इथे वस्तू जोड' सांगणारी @ऑटोवायर्ड खूणही लागत नाही. हे सोडवेना. एकाच ठिकाणी अडलो: फील्डवरचा @क्वालिफायर (एकाच टाइपच्या वस्तूंपैकी कोणती हवी ते सांगणारी खूण) कन्स्ट्रक्टरवर आपोआप जात नाही, त्याचं नाव लॉम्बॉकच्या कॉन्फिग फाइलमध्ये घालावं लागलं.

डीटीओंसाठी, म्हणजे नुसता डेटा वाहून नेणाऱ्या क्लासेससाठी, जावाचे स्वतःचे रेकॉर्डही पाहिले, जावा 16 पासून ते पक्के झालेत. क्रम हलला तर तिथेही हेच होईल, पण कंसातली यादी म्हणजेच कन्स्ट्रक्टर, हे वाचणाऱ्याला निदान समोर दिसतं.

आता एकाच टाइपची दोन फील्ड्स असतील तिथे @बिल्डर, म्हणजे पत्ता नावानेच द्यावा लागतो. कॉन्फिगमध्ये ऑलआर्ग्जच्या वापरावर सरळ एरर लावला. अठरा क्लास लाल झाले. अकरा दुरुस्त केले, सात उद्या.