१६ पिक्सेलची गळती : फॅन्सीझोन्स, आठ महिने वापरल्यावर

मायक्रोसॉफ्टचा विंडोजसाठीचा पॉवरटॉइज हा जोडसोयींचा संच फुकट आहे, त्यामुळे पडद्याचे भाग (झोन) पाडून त्यात खिडक्या बसवणाऱ्या त्यातल्या फॅन्सीझोन्सचा हिशेब कोणी मांडत नाही. मांडायला हवा. मूळ सेटिंगमध्ये झोनच्या मध्ये आणि पडद्याच्या चारही कडांना १६ पिक्सेलची पट्टी मोकळी सुटते. १९२० बाय १०८० पिक्सेलच्या पडद्यावर तीन कॉलम केले की रुंदीत चार पट्ट्या, म्हणजे ६४ पिक्सेल गेले. उंचीत ३२. विंडोज ११ चा टास्कबार ४८ खातो तो वेगळाच. उरलेल्या जागेपैकी सुमारे सव्वासहा टक्के निव्वळ वॉलपेपर दाखवायला! शिवाय ६४० चा कॉलम ६२० च्या आसपास आला की काही वेबसाइट्स थेट मोबाइलचा अवतार घेतात.

उपाय आहे. विंडोज, शिफ्ट आणि टॅबच्या वरची कळ एकत्र दाबून एडिटर उघडा, लेआउटवरच्या (म्हणजे झोनच्या मांडणीवरच्या) पेन्सिलवर क्लिक करा आणि 'शो स्पेस अराउंड झोन्स' बंद करा. गोम अशी, की हे प्रत्येक लेआउटला वेगळं करावं लागतं. कॉलमचं बंद केलं म्हणून ग्रिडचं बंद होत नाही.

खिडकी झोनमध्ये टाकायला ओढताना शिफ्ट धरून ठेवणं सुरुवातीला वैताग वाटतो. त्यापेक्षा विंडोज-झेड दाबून मिळणारे विंडोज ११ चे स्वतःचे तयार लेआउट बरे, असं मत होतं. ते बदललं. सेटिंगमध्ये माउसच्या दुसऱ्या बटणाने झोन दाखवायची सोय चालू केली, की ओढता ओढता राइट क्लिक पुरतो आणि दुसरा हात मोकळा राहतो. दोन झोन मिळून एकच खिडकी हवी असेल तर त्याच वेळी कंट्रोल धरायचा. स्वतः बनवलेल्या लेआउटला ० ते ९ मधला आकडा देता येतो. मग विंडोज-कंट्रोल-ऑल्ट आणि तो आकडा दाबला की तो लेआउट लागतो. तयार टेम्पलेटला आकडा मिळत नाही, म्हणून आधी त्याची कस्टम प्रत काढा.

'ओव्हरराइड विंडोज स्नॅप' (विंडोजची स्वतःची खिडक्या बसवायची सोय बाजूला सारणारी सेटिंग) चालू करताना मात्र विचार करा. विंडोज-बाण मग झोनप्रमाणे चालतात, आणि डावा बाण दाबून अर्धा पडदा भरायची सवय मोडते.

लॅपटॉपचं स्केलिंग (पडद्यावरचा मजकूर मोठा दाखवायचं प्रमाण) १२५ टक्के आणि बाहेरच्या मॉनिटरचं १०० टक्के असेल, तर दोन्हींवर पसरलेला एकच झोन करायचा नाद सोडा. त्याला दोन्हीकडे एकच स्केलिंग लागतं. काही प्रोग्रॅमना स्वतःची किमान रुंदी असते, ते अरुंद झोनमध्ये मावत नाहीत आणि शेजाऱ्याच्या अंगावर पसरतात. तिथे फॅन्सीझोन्सला बोल लावू नये.

टास्क मॅनेजर किंवा रजिस्ट्री एडिटर झोनमध्ये बसत नाही, हा बिघाड नव्हे. ॲडमिन हक्काने चालणारी खिडकी साध्या हक्काच्या प्रोग्रॅमला हलवता येत नाही. पॉवरटॉइज ॲडमिन म्हणून सुरू करा, बसते.