लॅमिंग्टन रोडची कॉम्प्युटर सुरक्षा सेवा: आमच्या छापखान्याचा वर्षभराचा अनुभव

आमचा छापखाना गिरगावात, सासऱ्यांच्या वेळचा. लग्नपत्रिका, बिलबुकं, आणि गणपती जवळ आले की मंडळांची पावतीपुस्तकं नि अहवाल. कॉम्प्युटर पाच. आमच्यासारख्यांना कोण हॅक करतंय, असं मीही म्हणायचे. २०२५ च्या आषाढात, ऐन पावतीपुस्तकांच्या घाईत, एका सकाळी हिशेबाचं सॉफ्टवेअर, टॅली, उघडेना. बघितलं तर प्रत्येक फाइलच्या नावाला भलतंच शेपूट लागलेलं आणि डेस्कटॉपवर नोटपॅडची चिठ्ठी: डेटा हवा असेल तर बिटकॉइन द्या.

कारण नंतर कळलं. आधीच्या कॉम्प्युटरवाल्याने घरबसल्या दुरुस्ती करता यावी म्हणून टॅलीच्या मशीनचं रिमोट डेस्कटॉप राउटरमधून सरळ इंटरनेटवर उघडं ठेवलं होतं. पासवर्ड काय, तर प्रेसचं नाव आणि पुढे १२३. बॅकअपची हार्ड डिस्क होती, पण ती बारा महिने त्याच मशीनला खोचलेली. तीही त्याच रात्री गेली.

मग आम्हाला कागद पुरवणाऱ्या एका पेपरवाल्या व्यापाऱ्याने लॅमिंग्टन रोडवरचं हे दुकान सुचवलं. (पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग आहे. टॅक्सीवाल्याला तसं सांगून बघा.) दोनच माणसं, जिन्याखालची जागा. नाव लिहीत नाही, कारण त्यांनीच नको म्हटलं. आहेत तीच गिऱ्हाइकं त्यांना झेपत नाहीत.

पहिल्या दिवशी त्यांनी काहीही विकलं नाही. सगळ्या मशीनची नेटची वायर काढली, चिठ्ठीचा फोटो घेतला आणि ‘नो मोअर रॅन्सम’ नावाच्या साइटवर आमच्या फाइलींना लागलेल्या कुलपाची किल्ली फुकट मिळते का ते पाहिलं. युरोपोल आणि डच पोलिसांनी इतरांबरोबर २०१६ मध्ये सुरू केलेली साइट आहे ती. आमची किल्ली नव्हती. पैसे द्यायचे का, मी विचारलं. “काकी, देऊन फाइल मिळेलच असं नाही. आणि दिलेत तर पुढच्या वेळी तुमचंच नाव यादीत वर.” पैसे दिले नाहीत. सीएंकडे मे अखेरपर्यंतचा टॅलीचा डेटा होता, म्हणून वाचलो. जूनची बिलं चलनांच्या कार्बन कॉपी समोर ठेवून पुन्हा टाइप केली, मी आणि सूनबाईंनी, तीन रात्री. असं काही झालं तर सहा तासांत सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेला कळवायचं असतं, २०२२ पासून तसा नियम आहे, हेही त्यांच्याकडूनच समजलं. तोवर आमचे दोन दिवस उलटून गेले होते.

पुढच्या आठवड्यात खरं काम झालं. राउटरमधली ती वाट बंद. कामावरच्या मुलांच्या लॉगिनमधून अॅडमिनचे, म्हणजे मशीनमध्ये हवे ते बदल करायचे, अधिकार काढले, त्यावरून आमचा ऑपरेटर चार दिवस फुगून होता. जीमेलला टू-स्टेप, म्हणजे पासवर्डनंतर आणखी एक खात्री. पुण्याच्या क्विक हीलचं, धंद्यासाठी असतं ते सेक्राइट अँटिव्हायरस बसवलं. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपणार होता, म्हणून दोन मशीन बदलायला लावली. एक विंडोज ७ चं डबडं मात्र ठेवावंच लागलं, कारण जुन्या पत्रिकांची श्रीलिपी या मराठी फॉन्टच्या सॉफ्टवेअरमधली कामं त्याच्यावरच उघडतात. त्याला नेटपासून कायमचं तोडलं.

आणि काउंटरवर पेन ड्राइव्हसाठी वेगळा कॉम्प्युटर. छापखान्यात दिवसाला वीस अनोळखी पेन ड्राइव्ह येतात, कॉलेजच्या झेरॉक्सवाल्याकडून, सायबर कॅफेतून, कुठूनही फिरून आलेले. आता ते आधी या लिनक्सच्या जुन्या मशीनला लागतात, तिथून फक्त पीडीएफ किंवा कोरल या डिझाइनच्या सॉफ्टवेअरची फाइल आत येते. गिऱ्हाइकाला दोन मिनिटं जास्त लागतात. कुरकुर होते, होऊ दे.

पण मी यांना पाच तारे देते ते एका शनिवारसाठी. बॅकअप लावून महिना झाला होता. दोन हार्ड डिस्क, आठवड्याला आलटून पालटून, एक माझ्या पर्समधून घरी जाते. शिवाय क्लाउडवर प्रत. त्या दुकानातले एक गृहस्थ आले, टॅलीच्या मशीनची पॉवर वायर ओढली आणि म्हणाले, “काकी, हे मशीन मेलं. आता बिल करून दाखवा.” मी हसले. ते हसले नाहीत. बॅकअप दुसऱ्या मशीनवर उतरवला, तर फोल्डर आहे, तारीख बरोबर आहे, आणि आत शून्य केबी. रात्री टॅली चालूच ठेवून आम्ही घरी जायचो, म्हणून फाइल उचललीच जात नव्हती. महिनाभर हिरवी खूण दिसत होती, बरं का! त्यांनी स्वतःची चूक तिथेच कबूल केली आणि त्या महिन्याचे पैसे लावले नाहीत. आता टॅली साडेआठला बंद, आणि दर तिमाहीला वायर ओढायचा कार्यक्रम. मागच्या वेळी पहिलं बिल चाळीस मिनिटांत निघालं.

खर्च: सुरुवातीला साडेअठरा हजार, वर्षाचे बारा हजार, डिस्क आणि अँटिव्हायरस वेगळं. आमच्यासारख्याला ही रक्कम जड जाते, पण बिलं पुन्हा टाइप केलेल्या त्या तीन रात्री आठवल्या की देते.

तक्रारी आहेत. रविवारी फोन उचलत नाहीत. स्कॅन सुरू असताना कोरल रांगतं. जेवणाच्या सुट्टीत लावा म्हणून तीनदा सांगावं लागलं. मोठ्या फाइल क्लाउडवर चढायला रात्र पुरत नाही. आणि पहिला रिपोर्ट दिला तो अकरा पानी इंग्रजी. मी परत पाठवला. मग एक पान मराठीत आलं, ते आता काउंटरमागे गणपतीच्या फोटोखाली चिकटवलंय. त्यात पहिली ओळ १९३० हा सायबर फसवणुकीचा हेल्पलाइन नंबर, आणि दुसरी: ‘पेपरवाल्याचा बँक खातं बदलल्याचा मेल आला, तर आधी जुन्या नंबरवर फोन करा.’ ही दुसरी ओळ मार्चमध्ये कामाला आली. मेल हुबेहूब त्यांच्या लेटरहेडवर होता. फोन केला तर शेठ म्हणाले, “अहो वहिनी, आमचं खातं तेच आहे, वीस वर्षं.”