ऑटो-रिप्लाय: सिव्ह, एक्झिम की जुनं व्हेकेशन?

रजेवर असताना मेलला आपोआप उत्तर जावं, एवढीच मागणी असते आणि ती कुठल्याही साधनाने भागते. म्हणून पर्याय निवडताना मी आधी एकच गोष्ट बघतो: कुठल्या मेलला गप्प बसायचं, हे त्याला कळतं का?

ही सवय एका सोमवारी लागली. शुक्रवारी आमच्याकडे कुणीतरी घरगुती स्क्रिप्ट लावली होती: मेल आली की उत्तर, बाकी विचार नाही. समोरच्या पुरवठादाराकडेही तसलीच व्यवस्था. दोन दिवस दोन सर्व्हर एकमेकांना ‘मी सध्या उपलब्ध नाही’ सांगत बसले. सकाळी मेलबॉक्स उघडला तर विषयाच्या ओळीत नुसती ‘रि: रि: रि:’ची माळ.

या गप्प बसण्याचे नियम आरएफसी ३८३४ या इंटरनेट-मानकांच्या दस्तऐवजात २००४ सालीच लिहून ठेवलेत. उत्तर जातं ते रिटर्न-पाथच्या पत्त्यावर, म्हणजे मेल पोचली नाही तर ती जिथे परत जाते तिथे. त्यावर ‘ऑटो-सबमिटेड’ हा हेडर (मेलच्या माथ्यावरची माहितीची ओळ) लावायचा आणि ज्या मेलवर तो आधीच ‘नो’ सोडून दुसरं काहीही सांगत असेल, मग ते ‘ऑटो-रिप्लाइड’ असो की आणखी काही, तिला उत्तर द्यायचं नाही. मेलिंग लिस्ट आणि बाउन्सनाही (मेल पोचली नाही अशा सूचनांना) नाही.

मेल क्लायंटमधला (मेल वाचायच्या प्रोग्रॅममधला) नियम, म्हणजे थंडरबर्डमधलं ‘टेम्प्लेटने उत्तर द्या’, लगेच बाजूला ठेवा. कॉम्प्युटर बंद की उत्तर बंद. आणि रजेवर जाणारा माणूस कॉम्प्युटर बंद करूनच जातो.

युनिक्सवरचं जुनं व्हेकेशन शहाणं आहे. कुणाला उत्तर दिलं याची नोंद ठेवतं आणि त्याच माणसाला आठवडाभर पुन्हा लिहीत नाही. पण प्रत्येक वापरकर्त्याचं खरं सिस्टिम खातं लागतं, होम डिरेक्टरीत मेल पुढे कुठे द्यायची ते सांगणारी डॉट-फॉरवर्ड फाइल लागते. त्या फाइलीत स्वतःच्या नावाआधीचा उलटा स्लॅश विसरू नका. मेलबॉक्स डेटाबेसमधले व्हर्च्युअल (सिस्टिम खात्याशिवायचे) असतील तर हा पर्याय तुमच्यासाठी नाही.

पोस्टफिक्सअ‍ॅडमिनबरोबर (पोस्टफिक्स या मेल सर्व्हरचे मेलबॉक्स सांभाळायचं वेब-साधन) येणारी पर्ल स्क्रिप्ट नेमकी व्हर्च्युअल मेलबॉक्ससाठी आहे. वेगळा ट्रान्सपोर्ट (मेल पोचवायचा मार्ग), वेगळं ऑटोरिप्लाय डोमेन, पर्लचे बरेच मॉड्यूल. चालते छान, फक्त बिघडली की शोधायला जागा फार. आधीपासून असेल तर राहू द्या, नव्याने मी लावणार नाही.

एक्झिम हा मेल सर्व्हर वापरत असाल तर बाहेरचं काहीच नको. ऑटोरिप्लाय ट्रान्सपोर्ट त्यातच आहे. मात्र ‘वन्स’ (एकदाच) हा पर्याय दिला नाही तर तो प्रत्येक मेलला उत्तर देतो. सर्वसामान्य पत्त्यावर ‘तुमची मेल मिळाली’ अशी पोच द्यायची असेल तेव्हा हाच गुण. रजेच्या निरोपासाठी मात्र फिल्टरमधली ‘पर्सनल’ ही अट आणि ‘व्हेकेशन’ आज्ञा वापरा. ती मुळातच सात दिवसांचं अंतर पाळते.

पोस्टफिक्स आणि डव्हकॉटवाल्यांनी (पोस्टफिक्स मेल घेतं, डव्हकॉट मेलबॉक्स सांभाळतं) मात्र फार विचार न करता सिव्ह, म्हणजे सर्व्हरवर मेल चाळायचे नियम लिहायची भाषा, घ्यावं. तिचा व्हेकेशन विस्तार आरएफसी ५२३० मध्ये, २००८ पासून, प्रमाणित आहे. मॅनेजसिव्ह (हे नियम दुरून बदलायची सोय) सुरू केलं, पोर्ट ४१९०, की लोक राउंडक्यूब या वेबमेलमधून स्वतःचा निरोप स्वतः लिहितात आणि तुमचा फोन वाजायचा थांबतो. तारखेची अट घालून सुरुवात आणि शेवटही ठरवता येतो.

जवळजवळ सगळे अडकतात ते दोन ठिकाणी. पहिलं: पोस्टफिक्स मेल स्वतःच मेलडिरमध्ये (मेलच्या फोल्डरमध्ये) टाकत असेल तर सिव्ह चालतच नाही. मेल डव्हकॉटच्या एलएमटीपीतून किंवा एलडीएतून, म्हणजे मेलबॉक्सात मेल टाकणाऱ्या त्याच्या स्वतःच्या भागातून, गेली पाहिजे. दुसरं उपनावांचं. विक्री विभागाच्या पत्त्यावर आलेली मेल तुमच्या खात्यात पडते, पण ‘टू’ किंवा ‘सीसी’त तुमचा पत्ता नसतो. सिव्ह म्हणतं, ही मला लिहिलेली नाही, आणि गप्प बसतं. लॉगमध्ये तसं स्पष्ट लिहिलेलं असतं, फक्त कुणी बघत नाही. सिव्हच्या नियमातल्या ‘अ‍ॅड्रेसेस’मध्ये सगळी उपनावं भरा. तपासणीच बंद करायचा पर्याय डव्हकॉटमध्ये आहे, पण त्याच्या वाटेला जाऊ नका, बीसीसीने आलेल्या स्पॅमलाही उत्तरं जायला लागतील. स्पॅमचा नियम व्हेकेशनच्या वर ठेवा, शेवटी ‘स्टॉप’ देऊन.

चाचणी करताना पहिल्या मेलला उत्तर येईल, दुसरीला येणार नाही. बिघडलं समजून सगळं पुन्हा उकरू नका, तो सात दिवसांचा हिशोब आहे. दुसऱ्या पत्त्यावरून मेल टाका. नाहीतर निरोपाच्या मजकुरात एक पूर्णविराम वाढवा. वेगळं ‘हँडल’ (निरोपाचं ओळखनाव) दिलं नसेल तर सिव्ह मजकूर बदलला की नवा निरोप धरतं आणि पुन्हा उत्तर देतं.